पत्र्याचा कोड आधी तपासून देणारी सीएचए सर्व्हिस: पैसे वसूल, बिलावर मात्र नजर ठेवा

आमचं भोसरीला शीट मेटलचं काम आहे, पॅनल, एन्क्लोजर, डक्टिंग वगैरे, आणि मधूनमधून पत्रा बाहेरून मागवतो, बहुतेक कोरियाचा सीआर (कोल्ड रोल्ड) नाहीतर जीपी (जस्त चढवलेला), न्हावा शेवाला उतरतो. क्लिअरिंग कळंबोली स्टील मार्केटजवळच्या एका छोट्या सीएचएकडे (कस्टममधून माल सोडवून देणारा एजंट) आहे. नाव टाकत नाही, उगाच जाहिरात वाटते. क्लिअरिंग काय सगळेच करतात, पण ह्यांची एक वेगळी सर्व्हिस आहे ती म्हणजे माल लोड व्हायच्या आधी मिलचं टेस्ट सर्टिफिकेट बघून त्याचा कस्टमचा कोड (एचएसएन) काढून देतात, कारणासकट लिहून. त्याबद्दलच लिहितोय.

बाकी बरेचसे सीएचए काय करतात, सप्लायरच्या इन्व्हॉइसवरचा कोड उचलतात आणि बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीच्या कस्टमच्या फॉर्ममध्ये, चिकटवतात. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात हे खरं, पण पुढचे दोन आपले असतात, आणि पहिले सहा तरी सप्लायरने नीट लिहिलेत कशावरून, त्याने त्याच्या सोयीने लिहिलेले असतात.

इथे एक वयस्कर गृहस्थ बसतात, ऑफिसात सगळे काका म्हणतात. सर्टिफिकेट आलं की पट्टी ठेवून केमिकल कॉम्पोझिशनची ओळ वाचतात. मागच्या जीपीच्या लॉटला पीआयवर (सप्लायरच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर) ७२१० होतं, म्हणजे साधं नॉन-अलॉय, जस्त चढवलेलं, रुंदी ६०० मिमी किंवा जास्त. काकांनी बोरॉनच्या कॉलमवर पट्टी थांबवली, तिथे नुसतं १० लिहिलेलं आणि कॉलमच्या डोक्यावर बारीक अक्षरात दहा हजाराचा गुणक, खरा आकडा काढायला दहा हजाराने भागायचं. म्हणजे ०.००१० टक्के. कस्टम टॅरिफच्या लोखंड-पोलादाच्या चॅप्टर ७२ च्या नोटमध्ये बोरॉनची मर्यादा ०.०००८ आहे, तिथे पोचलं की कायद्याच्या हिशेबाने ते अलॉय स्टील, म्हणजे ७२१० नाही, ७२२५. डोळ्याला तोच पत्रा, वाकवायला तोच, पेंटही तसाच बसणार, पण हेडिंग दुसरं. टायटॅनियमला ०.०५, क्रोमियमला ०.३ अशी प्रत्येकाची वेगळी मर्यादा आहे, आणि एकाने जरी गाठली तरी बास.

हे बोरॉन प्रकरण जुनं आहे म्हणा. चीनमध्ये अलॉय स्टील एक्सपोर्ट केलं की टॅक्स परत मिळायचा म्हणून तिकडच्या मिला साध्या स्टीलमध्ये चिमूटभर बोरॉन टाकायच्या, १ जानेवारी २०१५ पासून त्यांच्या सरकारने बोरॉनवाल्या मालाचा रिबेट बंद केला तर क्रोमियम टाकायला लागले! त्यामुळे चिनी माल घेणाऱ्यांनी तर ती ओळ वाचल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवूच नये.

आता कोणीतरी विचारणारच की ड्युटी दोन्हीकडे सारखी, मग काय फरक पडतो. २०२१ च्या बजेटपासून नॉन-अलॉय, अलॉय, स्टेनलेस सगळ्या फ्लॅट मालाला बेसिक ७.५ टक्के आहे, मान्य. पण बाकीचं सगळं कोडलाच टांगलेलं असतं हो. सिम्सचं (स्टील आयातीवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा) रजिस्ट्रेशन माल यायच्या आधी करावं लागतं आणि ते कोडवर होतं, मिलचं बीआयएस लायसन्स कुठल्या आयएसला (भारतीय मानकाला) आहे ते बघतात, कोरियाच्या ओरिजिन सर्टिफिकेटवरचा कोड आणि आपला कोड जुळला नाही की व्यापार करारातली ड्युटीची सवलत अडकते. २०२५ च्या एप्रिलमध्ये २०० दिवसांसाठी १२ टक्के सेफगार्ड (वाढत्या आयातीला आवर घालायची जादा ड्युटी) लागला तेव्हा स्टेनलेस त्यातून वगळलं होतं, आणि भाव ठराविक आकड्याच्या वर असेल तर तो लागतच नव्हता, तो आकडा एचआर (हॉट रोल्ड) कॉइलला टनाला ६७५ डॉलर आणि सीआरला ८२४, म्हणजे माल कुठल्या खान्यात बसतो ह्यावर टनामागे किती पैसे जातात ते ठरत होतं. आणि बिल ऑफ एंट्री आपण सेल्फ असेसमेंटने भरतो, तेव्हा कोड चुकला तर नोटीस आपल्या नावाने येणार, सीएचएच्या नाही. साधं प्रकरण असेल तर दोन वर्षांपर्यंत मागे जातात, लपवलंय असं वाटलं तर पाच.

दुसरी गोष्ट आवडली ती म्हणजे नियम नुसता सांगत नाहीत, नोट उघडून दाखवतात. आमच्या शेजारच्या गाळ्यातले भांड्यांचं प्रेसिंग करतात, त्यांनी स्टेनलेसची २५० मिमीची सर्कल मागवली होती आणि सरळ हिशेब करून बसले होते की ६०० च्या आत आहे म्हणजे ७२२०. काकांनी नोट दाखवली, चौकोनी किंवा आयताकृती नसलेला सपाट माल कितीही छोटा असला तरी ६०० च्या वरचा धरायचा, फक्त तो दुसऱ्या कुठल्या वस्तूचं रूप घेतलेला नसावा. म्हणजे हाताएवढी चकती पण ७२१९ मध्ये. ऐकून ते शेजारी पाच मिनिटं नुसते हसत होते.

आणि उगाच काम काढत नाहीत. मी मुंबईच्या ॲडव्हान्स रूलिंगबद्दल (कोड कुठला ते सरकारकडून आधीच ठरवून घ्यायचं) विचारलं, सरकारी फी दहा हजार, निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो, मिळाला की काही वर्षं चालतो. दुसऱ्या एका ऑफिसात तर लगेच कोटेशन पुढे केलं होतं. काका म्हणाले, "एकच लॉट आहे ना साहेब, मग राहू द्या, तोच माल दर महिन्याला येणार असेल तर करा."

आता तक्रारी. व्हॉट्सॲपला उत्तर कधी येईल ह्याचा भरवसा नाही, दोन निळ्या टिका दिसतात आणि पुढे शांतता. लेखी उत्तर इंग्लिशमध्ये टाइप करून येतं पण टायपिंगच्या चुका इतक्या की एकदा ७२२५ चं ७२५२ झालेलं, वाचल्याशिवाय पुढे फॉरवर्ड करू नका. आणि बिलात "मिसलेनियस" नावाची एक ओळ असते तिचा खुलासा मागितला की कमी होते, म्हणजे समजून घ्या. कोड काढायची फी मात्र वाजवी आहे, कंटेनर सीएफएसमध्ये (पोर्टबाहेरच्या कंटेनर यार्डात) अडकून सॅम्पल लॅबला गेलं की डिटेन्शन आणि ग्राउंड रेंट (कंटेनर आणि जागा अडवल्याचं भाडं) जे चढतं त्यापुढे ती फी काहीच नाही.

ज्यांचा एकाच मिलचा एकच ग्रेड वर्षानुवर्षं येतोय त्यांनी ह्या फंदात पडायची गरज नाही, फक्त प्रत्येक हीटचं (भट्टीतल्या एका घाण्याचं) सर्टिफिकेट एकदा नजरेखालून घाला. नवीन सप्लायर, कोटेड माल, कापलेला माल किंवा ६०० मिमीच्या आसपासची स्लिट (उभी चिरलेली) कॉइल असेल तर जरूर जा. माझ्याकडून पाचात चार. काका सकाळी पोर्टवर असतात, दुपारी तीननंतर गेलात तर भेटतील, आणि सर्टिफिकेट मोबाइलवर नका दाखवू, प्रिंट न्या, मोठ्या अक्षरात.