लिनक्स मिंट २२: इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडली तरी लगेच सोडून देऊ नका

मामांच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून महिना दीड महिना झाला, रोजचा वापर आहे, म्हणून आता लिहितोय. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, लॅपटॉप सातव्या जनरेशनचा आय५ त्यामुळे विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि मामांचं काम काय तर क्लासच्या प्रश्नपत्रिका टाईप करायच्या, प्रिंट काढायची. चांगला चालता लॅपटॉप भंगारात घालायला माझा जीव होईना.

मिंट भरलेला पेनड्राईव्ह लावून लॅपटॉप चालू केला, मेनूतला पहिला ऑप्शन निवडला, लोगो आला आणि स्क्रीन काळीकुट्ट. कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा दिवासुद्धा पेटेना. मामा शेजारीच बसलेले, "बिघडला का रे?" म्हणाले. बिघडलेलं काहीच नव्हतं. या लॅपटॉपला दोन ग्राफिक्स आहेत, एक प्रोसेसरमधलं इंटेलचं आणि एक वेगळं एनव्हिडियाचं, आणि मिंट सुरुवातीला एनव्हिडियासाठी नूवो हा ओपन सोर्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) वापरतं. तो बराचसा लोकांनी कार्ड कसं वागतं ते बघून बघून लिहिलाय, केवढं मोठं काम आहे ते, पण काही कार्डांवर सुरू होतानाच अडकतो.

यावर मिंटने सोय करून ठेवलीये हे मला फार आवडलं. त्याच मेनूत खाली कम्पॅटिबिलिटी मोड आहे, तो निवडला की झालं. त्यानेही नाही जमलं तर पहिल्या ऑप्शनवर थांबून कीबोर्डवरचं ई दाबायचं, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीत क्वाएट स्प्लॅश (quiet splash) हे दोन शब्द असतात ते खोडून नोमोडसेट लिहायचं (nomodeset, सलग, मध्ये स्पेस नाही) आणि एफ१०. याने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ग्राफिक्स कार्डाला हात न लावता साध्या मोडमध्ये स्क्रीन चालू करतो.

इन्स्टॉल वीसेक मिनिटात झालं, पेनड्राईव्ह काढून रिस्टार्ट केला तर परत काळी स्क्रीन! बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात असं मला वाटतं. पेनड्राईव्हवर केलेला बदल हार्डडिस्कवरच्या सिस्टीमला लागू झालेला नसतो एवढंच. लॅपटॉप चालू होताना कंपनीचा लोगो गेला की एस्केप एकदाच दाबा, ग्रब मेनू (सिस्टीम सुरू व्हायच्या आधीचा मेनू) येतो, तिथे परत तेच नोमोडसेट. एस्केप सारखं सारखं दाबू नका, नाहीतर मेनूच्या जागी नुसती कमांडलाईन येते.

डेस्कटॉप आला पण सगळं जड जड, कोपऱ्यात मेसेज की सॉफ्टवेअर रेंडरिंग चालू आहे (म्हणजे चित्र ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसर काढतोय), ब्राईटनेसची बटणं बंद. इथेच समाधान मानू नका, नोमोडसेट ही कुबडी आहे. मोबाईल यूएसबीने जोडून नेट घेतलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, एनव्हिडियाच्या ज्या ड्रायव्हरपुढे रेकमेंडेड लिहिलेलं तो निवडला आणि अप्लाय. टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडायची गरजच नाही पडली. फक्त सिक्युअर बूट (सुरू होताना सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि रिस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे दहा सेकंदाच्या आत कुठलंही बटण दाबून एनरोल एमओके (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची किल्ली मान्य करणे) करून तोच पासवर्ड द्यायचा. ती स्क्रीन हुकली तर ड्रायव्हर इन्स्टॉल होऊनसुद्धा लोड होत नाही आणि आपण कारण भलतीकडेच शोधत बसतो.

पुढच्या रिस्टार्टला काही न लिहिता थेट लॉगिन आलं, अक्षरं सुईसारखी स्पष्ट, ब्राईटनेस चालू, पंखा गप्प. खाली पॅनेलवर एनव्हिडियाचा आयकॉन येतो, तिथे ऑन-डिमांड ठेवलंय म्हणजे एरवी इंटेल चालतं आणि बॅटरी वाचते.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा एवढ्यासाठी कापला की कम्पॅटिबिलिटी मोड कशासाठी आहे हे तिथेच एका ओळीत लिहिलेलं हवं होतं, माहिती इन्स्टॉलेशन गाईडमध्ये आहे पण काळ्या स्क्रीनसमोर बसलेला माणूस गाईड कुठून उघडणार. अपडेट २०२९ पर्यंत मिळणारेत. परवा मामांनी क्लासमधल्या टीव्हीला एचडीएमआय लावून भूमितीच्या आकृत्या दाखवल्या, टीव्हीवर पहिल्या झटक्यात चित्र आलं, मला फोन करून सांगितलं त्यांनी.