चुलीमागची पाण्याची पेटी : आठ महिन्यांनंतर

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घरात सात माणसं. गॅस आहे, पण भाकर, वरण आणि ढोरांची आंबोण अजून चुलीवरच होते. थंडीत आंघोळीच्या पाण्यासाठी अंगणात वेगळा बंब पेटायचा, म्हणजे एकाच सकाळी दोन जाळ. गीझर होता, पण पहाटे लाइनीचा भरवसा नाही आणि बोअरच्या पाण्यानं त्याची कॉइल दोनदा गेली.

आयर्लंडकडं शेगडीच्या पाठीमागं पाण्याची लोखंडी पेटी बसवतात आणि त्या पाण्यावर अख्खं घर गरम ठेवतात, हे वाचलं होतं. आपल्याला घर कशाला तापवायचंय? मे महिना ते काम फुकट करतो. पण पाणी तापवायचं तत्त्व तेच. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी चुलीची मागची भिंत काढून तिथं पेटी बसवली.

पेटी 5 मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याची. आतून लांबी 30, उंची 20 आणि जाडी 8 सेंटिमीटर, म्हणजे आत जेमतेम पावणेपाच लिटर पाणी. वेल्डिंगवाला जी.आय., म्हणजे जस्त चढवलेला पत्रा वापरू म्हणत होता. मी नको म्हटलं, कारण जस्ताचा थर आगीत जळला की त्याचा धूर स्वयंपाक करणाऱ्याच्याच नाकात जातो. न्हाणीच्या स्लॅबवर 100 लिटरची स्टीलची टाकी ठेवली. पेटीच्या वरच्या तोंडातून एक इंची पाइप टाकीत वर जातो आणि टाकीच्या बुडातून दुसरा पेटीच्या खालच्या तोंडाला येतो. मोटर नाही, पंप नाही. गरम पाणी हलकं होऊन चढतं, गार पाणी त्याच्या जागी उतरतं. यासाठी टाकी पेटीपेक्षा वरच हवी. सगळा खर्च साडेअकरा हजारांत बसला, त्यात निम्मा टाकीचा.

पहिल्याच दिवशी फजिती. चूल पेटून अर्धा तास झाला आणि पाइपात धडधड सुरू झाली, जणू आत कोणी हातोडा मारतंय. माय चूल सोडून अंगणात. वर जाणारा पाइप भिंतीतून जाताना बोटभर खाली झुकला होता, तिथं हवा अडकली होती. पाइप सोडवून सरळ चढता केला आणि आवाज बंद झाला. तेव्हा कळलं, इथं लेव्हल डोळ्यानं पाहायची नाही, पाणी भरलेल्या नळीनंच घ्यायची.

दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसलो होतो. टाकी आणि पेटी यांच्यामध्ये कॉक बसवायचा नाही, एकही नाही. कोणी चुकून बंद केला तर वाफेला वाट राहत नाही आणि पेटी फुटू शकते. आणि वाफ निघून जावी म्हणून टाकीच्या माथ्यावरून उघडा पाइप छताच्या वर, जिथून हिच्यात गार पाणी येतं त्या टाकीपेक्षा उंच न्यायचा. मिस्त्री म्हणाला, उगाच पाइप वाया. जाऊ दे वाया.

पाणी कसं तापतं? पाच वाजता चहाला चूल पेटते, साडेसहापर्यंत टाकीच्या वरच्या भागात हात भाजेल असं पाणी असतं. नळ वरूनच घेतला आहे, त्यामुळं सुरुवातीचंच पाणी कडक येतं आणि बादलीत निम्मं विसण घालावं लागतं. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायला जवळपास तीन युनिट वीज लागते, गीझरवर तापवलं असतं तर तेवढी गेली असती. टाकीला जुन्या गोधड्या गुंडाळून वरून ताडपत्री बांधली, म्हणून रात्रीची भांडीही कोमट पाण्यानं निघतात.

आता खरी तक्रार, आणि ती मायची. "तुह्या पेटीनं माह्या चुलीची धग खाल्ली. भाकर पापुद्राच धरत नाई." बरोबर होतं तिचं. गार पाण्याची भिंत जाळाची ऊब ओढून घेते. तवा तापत नाही आणि पेटीवर काळं डांबरट किटण जमतं. पंधरा दिवस घरात कडक भाकर खाल्ली, बोलणीही. मग पेटीच्या खालच्या अर्ध्या भागापुढं भट्टीची वीट आडवी लावली. धग तव्याला आली, पाणी तापायला वीसेक मिनिटं जास्त लागू लागली. हा सौदा मंजूर. किटण दर रविवारी खरवडावं लागतं, ते काम माझं.

म्हणून कोणी विचारलं तर मी आधी विचारतो, तुमची चूल रोज पेटते का? पेटत असेल तर बसवा. फक्त पाण्यासाठी पेटवणार असाल तर तांब्याचा बंबच बरा, त्याला एवढं प्लंबिंग लागत नाही.

सरपण घरचंच. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, झटकन पेटते आणि झटकन विझते. तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या काड्यांचा जाळ जरा टिकतो, मध्ये एखादं बाभळीचं लाकूड असलं की झकास. पऱ्हाटीचे ढीग मात्र पुढच्या पेरणीपर्यंत ठेवू नका, त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते. आम्ही पऱ्हाटी आधी संपवतो, तुराट्या मागं ठेवतो.

मार्चमध्ये वरचा जोड उघडून पाहिला तर आत बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा, अंड्याच्या टरफलासारखा पांढरा थर. लिंबूसत्वाचं पाणी रात्रभर भरून ठेवलं, बराच निघाला. उन्हाळ्यात स्वयंपाक अंगणातल्या चुलीवर नेला. पेटी भरलेलीच ठेवली. रिकामी ठेवली तर आतून गंजते, आणि कोणी न बघता चूल पेटवली तर पत्रा जळतो.

आता दिवाळीच्या आधी पेटीच्या बुडाला गाळ काढायचं बूच लावून घेणार आहे. ते पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं, पण मिस्त्रीही नवा होता आणि मीही.