रेफरल कोडमधून युजर काढणारं एपीआय टूल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रेफरल कोड म्हणजे नवी माणसं आणण्यासाठी युजरला मिळणारा खास कोड. कुणी तो टाकून आलं की आणणाऱ्याला बक्षीस मिळतं. अशा कोडला युजर जोडायची सोय सगळीकडे असते. काढायची वेळ आली की पंचाईत होते. आमच्याकडे अशी वेळ वरचेवर यायची. कुणी स्वतःच्याच कोडवरून दुसरं खातं उघडायचं, कुणी घाईत भलत्याचाच कोड टाकून मग सपोर्टला तिकीट लिहायचं, शिवाय टेस्टिंगची खाती खऱ्या कोडला चिकटलेली असायची. हे टूल घ्यायच्या आधी मी थेट डेटाबेसवर क्वेरी चालवत होते. एकदा रेफरलच्या टेबलमधली ओळ काढली आणि बक्षिसाची तशीच राहिली. महिनाअखेरीला हिशोब जुळेना, तेव्हा कुठे ते लक्षात आलं. तेवढ्यावरूनच हे टूल घ्यायचं ठरलं.

हे एपीआय टूल आहे, म्हणजे स्क्रीनवर बटणं दाबण्याऐवजी आपला प्रोग्राम त्याला थेट विनंती (रिक्वेस्ट) पाठवतो. काम साधंच आहे. कोड आणि युजर आयडी देऊन डिलीट रिक्वेस्ट पाठवायची, की तो युजर त्या कोडपासून वेगळा होतो. त्याचं खातं राहतं, आणि नोंद पुसली न जाता तिच्यावर ‘काढला’ असा शिक्का बसतो. सोबत कारण लिहिणं सक्तीचं आहे. पहिल्या आठवड्यात या सक्तीचा मला राग यायचा. आज मला या टूलमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. एका युजरने तक्रार केली, की मी आणलेली माणसं यादीतून गायब झाली. कुणी काढली, कोणत्या कीने (एपीआय वापरायच्या गुप्त पासवर्डने), कधी आणि कशासाठी, हे सगळं लॉगमध्ये (टूलच्या नोंदवहीत) होतं. कारण होतं ‘एकच डिव्हाइस’. प्रत्यक्षात ते एकाच घरातले तिघे होते, एकाच टॅब्लेटवरून नोंदणी केलेले. चूक आमची होती. तिघांनाही परत जोडलं आणि माफीचा मेल पाठवला. कारण लिहिलेलं नसतं तर एका प्रामाणिक माणसाला आम्ही लबाड ठरवून मोकळे झालो असतो.

आता ज्यात माझे दोन दिवस गेले ते सांगते. एका कोडवर १००० बनावट खाती होती. दर पानाला १०० युजर येत होते. मी पहिलं पान मागवलं, ते १०० काढले, दुसरं पान मागवलं, ते काढले, असं लूपमध्ये चालवलं. सहाव्या पानावर यादी रिकामी आली आणि स्क्रिप्ट यशस्वी म्हणून थांबली. मोजून पाहिलं तर ५०० खाती जागच्या जागी. पहिले १०० काढल्यावर उरलेली यादी वर सरकते, त्यामुळे आधी दुसऱ्या पानावर असलेले १०० जण पहिल्या पानावर येतात आणि आपण थेट त्यांच्या पुढचे मागवतो. प्रत्येक पानामागे एक पान सुटत जातं. आधी सगळे आयडी गोळा करून मग काढायला सुरुवात करायची, किंवा कर्सर, म्हणजे यादीत कुठवर आलो याची खूण, वापरायचा. टूलमध्ये कर्सर आहे. पण डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण पान क्रमांकाचं आहे आणि ते तातडीने बदलायला हवं.

दुसरी अडचण ४०४ची, म्हणजे ‘सापडलं नाही’ सांगणाऱ्या उत्तराची. एचटीटीपीमध्ये (वेबवरच्या रिक्वेस्ट-उत्तरांच्या नियमांत) डिलीट पुन्हा पुन्हा पाठवलं तरी सर्व्हरवरचा परिणाम एकदाच पाठवल्यासारखा असावा लागतो. उत्तर मात्र वेगळं येऊ शकतं. इथे पहिल्यांदा २०४ (‘काम झालं’) येतं, नंतर ४०४. नेटवर्क तुटल्यावर आमचा जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) पुन्हा प्रयत्न करायचा, ४०४ पाहून अपयश नोंदवायचा आणि रात्री अलर्ट वाजायचा. म्हणून आम्ही ४०४ला यश मानलं. ती घाई झाली, कारण कोडच चुकीचा टाइप झाला असेल तरीही ४०४च येतो. आता आम्ही उत्तराच्या बॉडीतलं (आतल्या मजकुरातलं) कारण वाचतो: ‘युजर या कोडवर नाही’ असेल तर पुढे जायचं, ‘असा कोड नाही’ असेल तर थांबायचं.

एकगठ्ठा काढण्यासाठी वेगळी, ‘पोस्ट’ प्रकारची रिक्वेस्ट आहे, आणि ते योग्यच आहे. एचटीटीपीच्या २०२२च्या मानकात डिलीटसोबतच्या बॉडीला ठरलेला अर्थ नाही, काही सर्व्हर तर अशी रिक्वेस्ट नाकारतात. उत्तर २०७ (‘एकाहून जास्त निकाल’) येतं आणि आत प्रत्येक युजरचा निकाल स्वतंत्र असतो. दोनशेच्या घरातला आकडा दिसला म्हणून सगळं झालं असं धरू नका, आतली यादी वाचा. वेग जास्त झाला की ४२९ (‘फार रिक्वेस्ट झाल्या’) येतो. त्यासोबतच्या हेडरमध्ये किती सेकंद थांबायचं ते असतं. तेवढं पाळलं की त्रास नाही.

बक्षिसाबद्दल टूल तीन पर्याय देतं: तसंच ठेवा, अजून दिलं नसेल तर रद्द करा, किंवा दिलेलं परत घ्या. काहीच सांगितलं नाही तर ते तसंच राहतं, आणि हे मला पटतं. परत घेताना जुनी रक्कम खोडली जात नाही, उलट नोंद पडते, त्यामुळे हिशोब शेवटपर्यंत मागे जाऊन तपासता येतो. आम्ही दिलेलं बक्षीस फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच परत घेतो. ज्याने मित्राला खरोखर आणलं त्याच्या खात्यातून पैसे काढून घेण्याइतका विश्वास दुसऱ्या कशाने तुटत नाही.

काही गोष्टी खटकतात. युजर काढला की कोडची एक जागा मोकळी होते आणि तोच माणूस तोच कोड पुन्हा टाकू शकतो. त्याला ब्लॉक करायला वेगळी रिक्वेस्ट लागते. कोडवरची एकूण संख्या थोडा वेळ जुनीच दिसते, त्यामुळे लगेच तपासणारा गोंधळतो. ‘करून बघा, पण बदलू नका’ हा मोड मात्र अचूक आहे. मोठं काम मी त्याशिवाय कधीच सुरू करत नाही.

सर्वांत मोठी तक्रार परवानग्यांची. ज्या कीला युजर जोडता येतो तिला काढताही येतो. सपोर्टच्या माणसाला फक्त चुकीचा कोड बदलून द्यायचा असतो, त्यासाठी सगळा कोड रिकामा करायची ताकद त्याच्या हातात द्यावी लागते. मी हे टूल बनवणाऱ्यांना दोनदा लिहून कळवलंय. तोवर आम्ही मध्ये आमची छोटी सर्व्हिस ठेवलीय, जी एका वेळी एकाच युजरला काढू देते.