गाडी गॅस खात नव्हती, पंखा बंद होता

गेल्या जानेवारीत मी ओळखीच्या एका गृहस्थांकडून दोन दारांची, बुटक्या नाकाची जुनी स्पोर्ट्स कार घेतली. ती शेताच्या धुऱ्यापर्यंतही जात नाही, हे गावाने मला पुरेसे ऐकवले आहे. थंडीत एसी लावून पाहण्याचे सुचले नाही, ही चूकही माझीच.

एप्रिल संपताना हिंगणघाटकडे पारा ४५ अंशांवर गेला, तेव्हा दोष लक्षात आला. महामार्गावर गाडी ८० च्या वेगात असेपर्यंत गारवा बरा असे, पण रेल्वे फाटकावर थांबले की पाच मिनिटांत एसीतून गरम वारा येऊ लागे आणि त्या तिरप्या काचेखाली, काळ्या सीटवर, डोक्याला दुपट्टा बांधून बसावे लागे.

तालुक्यातील एका एसी मेकॅनिकने बॉनेट उघडून एका पाइपला बोट लावले आणि "गॅस कमी झाला भाऊ," असे सांगितले. त्याने दाब मोजणारे गेज लावले नाही, गळती तपासली नाही. डब्यातून एसीचा गॅस भरला आणि पोराकरवी गाडीच्या नाकावर बादलीभर पाणी ओतवले. "गाडी तापली आहे, म्हणून," असे कारण दिले. लगेच एसी बर्फासारखा गार झाला. मी २,२०० रुपये मोजले. पंधरा दिवसांनी तोच दोष, तेच पाणी, तेवढेच पैसे. तिसऱ्या वेळी, ऐन नवतपात (मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत), "ही गाडी गॅस खाते," असे म्हणत त्याने ऑइलसह २,६०० रुपये घेतले आणि पुढच्या खेपेला कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, बदलावा लागेल, २८,००० रुपये तयार ठेवा, असेही सुचवले.

त्या आकड्याने मी नागपूर गाठले. तेथील कारागिराने आधी एसी चालू करून फक्त पाहिले: कंडेन्सरचा, म्हणजे गाडीच्या नाकातील ज्या जाळीतून गॅसची उष्णता बाहेर पडते तिचा, पंखा फिरतच नव्हता. गाडी धावताना समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो; उभ्या गाडीत ते काम पंख्याचे असते. तो बंद असला की गॅसची उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढत जातो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. बादलीचे पाणी नेमके पंख्याचे काम, तेही काही मिनिटांपुरते, करीत होते. बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१३४ए गॅस ५०० ग्रॅम असे छापले होते. मशीनने बाहेर काढलेल्या गॅसचे वजन ७९० ग्रॅम आले. म्हणजे गॅस कधी कमी नव्हताच, आणि प्रत्येक भरणीने दाब आणखी वाढवला होता. पंख्याच्या मोटरचे ब्रश (आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले होते आणि जाळीत कापसाचे तंतू अडकले होते. पंख्याची मोटर बदलून, व्हॅक्यूम करून (नळ्यांतील हवा काढून), मोजून गॅस भरून एकूण ६,५०० रुपये लागले.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असतेच. म्हणून भरण्याआधी कमी आणि जास्त दाबाच्या दोन्ही बाजूंचा दाब गेजवर दाखवायला सांगावे, स्टिकरवरचे वजन विचारावे आणि एसी लावून उभ्या गाडीचा पंखा फिरतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

मी परत जाऊन त्या मेकॅनिकला जाब विचारला. "तेव्हा फिरत होता ना भाऊ पंखा," एवढेच तो म्हणाला. पावती त्याने एकदाही दिली नव्हती आणि मीही मागितली नव्हती. दुकानासमोर बॉनेट उघडलेली एक गाडी उभी होती आणि पोरगा नळाखाली बादली भरत होता.