शरणपूर हेरिटेज वॉक: गाइडला पैकीच्या पैकी, चहाला शून्य

सातला बोलावून सव्वासातला निघाले, म्हणजे नाशिकच्या मानाने वेळेवरच! गाइड पोरगी तयारीची. स्कॉटिश प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन मिशनरी म्हणून आफ्रिकेत गेला, १८५७ मध्ये मिशन सोडलं आणि पुढच्याच वर्षी मोझांबिकमधल्या केलिमाने बंदराचा ब्रिटिश कॉन्सल (सरकारी प्रतिनिधी) होऊन परतला, हे तिने झकास रंगवलं. साहेबाला कुंपणापलीकडचं कुरण लवकर दिसलं म्हणायचं! पण खरी गोष्ट जेकब वेनराइटची. गुलामगिरीतून सुटलेला, आपल्या शरणपूरच्या शाळेत शिकलेला पोरगा. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर झाडावर त्याचं नाव यानेच कोरलं, शवासोबत विलायतेलाही हाच गेला. माझ्या लेखी कॉन्सलपेक्षा हाच मोठा. माइक खरखरतो, रस्त्याच्या गोंगाटात मागच्यांना निम्मं कळत नाही. शेवटचा चहा म्हणजे गोड पाणी. गुडघे दुखत असले तरी जा, चालणं फार नाही.