रेकॉर्डर चांगलाय, पण कार्ड सांभाळा: जवळपास वर्षभर वापरून

गेल्या रंगपंचमीच्या आधी हातात मावणारा एक ऑडिओ रेकॉर्डर घेतला. डबल ए चे दोन सेल, एक मायक्रोएसडीचा स्लॉट, वर दोन माईक, बास. तेव्हापासून नाशिकच्या तिवंधा आणि शनी चौकातल्या रहाडींचा (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात ते हौद) दंगा, गणपतीच्या आधीचा ढोलाचा सराव, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला आलेल्या दिंड्या, पंचवटीतलं आमचं भजनी मंडळ आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या, एवढं सगळं त्याच्यात भरून झालंय. आवाज कसा येतो, माईक कसे आहेत, यावर ढिगाने व्हिडिओ आहेत, ते तिकडे बघा. माझ्याकडून आवाजाला पैकीच्या पैकी. पण अशा मशीनमध्ये माणसाला रडवतं ते कार्ड, आणि त्याबद्दल कोणी धड बोलत नाही, म्हणून मी त्यावरच लिहितोय.

आधी हे समजून घ्या की फाईल करप्ट होते म्हणजे नक्की काय होतं. रेकॉर्डिंग चालू असताना डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या आवाजाच्या) फाईलमध्ये आवाज सलग लिहिला जात असतो, पण फाईलच्या सुरुवातीला जो छोटा हेडर असतो, ज्यात ‘एवढा डेटा आहे’ असा आकडा लागतो, तो बऱ्याच रेकॉर्डरमध्ये स्टॉप दाबल्यावरच नीट भरला जातो, कार्डाच्या यादीत फाईलची साईजसुद्धा तेव्हाच चढते. त्याच्या आधी करंट गेला की आवाज कार्डावर असतो आणि यादीत फाईल ० केबी दिसते. आमच्या ढोल पथकातल्या एकाच्या रेकॉर्डरचं असंच झालं, सराव दोन तास चालला आणि फाईल शून्य, तो म्हणतो कार्डच भंगार. कार्डाचा तिथे काही संबंध नव्हता, सेल मेले होते.

दुसरा प्रकार जास्त वाईट. फ्लॅश मेमरीत, म्हणजे कार्डाच्या आतल्या मेमरीत, लिहिताना छोट्या पानांत लिहिता येतं पण पुसायचं झालं की अख्खा मोठा ब्लॉक पुसावा लागतो, त्यामुळे कार्डातला कंट्रोलर (हे सगळं सांभाळणारी चिप) सतत जुना डेटा इकडून तिकडे हलवत असतो आणि कुठे काय ठेवलं याचा नकाशा सांभाळत असतो. घराला रंग देताना एका खोलीतलं सामान दुसऱ्या खोलीत टाकतो आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते, तसं. म्हणजे आज तुम्ही कार्ड चुकीच्या वेळी ओढलं तर आजचीच फाईल जाईल असं काही नाही, मागच्या महिन्याची पण जाऊ शकते, जिला तुम्ही हातही लावला नव्हता. हे लोकांना पटत नाही. मी एका टाकाऊ कार्डावर मुद्दाम करून बघितलं, रेकॉर्डिंग चालू ठेवून सेल काढायचे, परत घालायचे. बहुतेक वेळा चालू फाईल शून्य झाली, काही वेळा काहीच झालं नाही, आणि शेवटी एकदा जुन्या फोल्डरची नावंच चित्रविचित्र झाली, चौकोन नि प्रश्नचिन्हं. त्यात एफएटी३२ (कार्डावर फाईली मांडायची एक पद्धत) मध्ये जर्नल नावाचा प्रकारच नाही, लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये असतो तसा, म्हणजे मध्येच काम तुटलं तर कुठपर्यंत झालं होतं याची नोंद कुठेच नसते. एक्सफॅटमध्ये पण नाही. आणि रेकॉर्डर, कॅमेरे, हातातले गेम, बहुतेक याच दोनपैकी एकावर चालतात.

मग मी काय पाळतो ते. स्टॉप दाबायचं, लाल लाईट विझेपर्यंत थांबायचं, पॉवर बटणानेच बंद करायचं, स्क्रीन काळी झाली की मग कार्ड. यात दहा सेकंदही जात नाहीत पण भजन संपलं की बुवा लगेच म्हणतात, “अरे दादा, ऐकव ना जरा, कसं आलंय”, मी म्हणतो, “बुवा, एवढी लाईट विझू द्या”, आता मंडळातली पोरंच आधी लाईट बघतात.

सेलवर थोडं जास्त बोलतो कारण माझ्या मते अर्ध्याहून जास्त भानगडी तिथल्याच आहेत. मेन्यूत सेलचा प्रकार निवडायची सेटिंग असते, अल्कलाईन का निकेल मेटल हायड्राईड म्हणजे चार्जिंगवाले, आणि ती कोणी उघडूनसुद्धा बघत नाही. साधा सेल नवा असताना १.५ व्होल्ट, चार्जिंगवाला १.२ च्या आसपास बराच वेळ सपाट चालतो आणि मग शेवटी झपकन खाली येतो. चार्जिंगवाले सेल घालून सेटिंग अल्कलाईनवरच राहिली तर बॅटरीचा काटा खोटं सांगतो, आणि संपत आल्यावर मशीनने स्वतः फाईल बंद करून झोपायचं असतं तो अंदाजच चुकतो. बरोबर सेटिंगवर माझा रेकॉर्डर सेल संपायच्या आधी फाईल नीट बंद करतो, हे मी घरी मुद्दाम सेल संपवून बघितलंय, ती फाईल शेवटपर्यंत वाजते. त्र्यंबकला जानेवारीत पहाटे हात गारठतात तेव्हा अल्कलाईन सेल लवकर मान टाकतात, थंडीत चार्जिंगवाले त्यापेक्षा बरे टिकतात. मी दिंडीच्या वेळी जोडी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतो.

पॉवरबँक लावणार असाल तर सावध. रेकॉर्डर एवढा कमी करंट ओढतो की बऱ्याच पॉवरबँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. मग तुम्ही तासभर निवांत आणि मशीन केव्हाच गार. आत सेल ठेवूनच पॉवरबँक लावायची, पॉवरबँक बंद झाली की माझा रेकॉर्डर लगेच सेलवर येतो, पण हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं तर घरी केबल ओढून एकदा बघून घ्या, कार्यक्रमात नको. कमी करंटचा मोड असलेल्या पॉवरबँका मिळतात, त्या चालतात.

आता कार्ड कुठलं. लोक इथे उगाच महागडं व्ही३० (व्हिडिओसाठीच्या स्पीडचा दर्जा) आणि ए२ वगैरे घेतात. हिशोब करा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला २८८ केबी, तासाला साधारण १ जीबी. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, म्हणजे गरजेच्या तीस-पस्तीस पट. ए१, ए२ हे ॲप चालवायला, छोट्या छोट्या फाईली इकडेतिकडे वाचायला-लिहायला आहेत, रेकॉर्डरला त्याचा उपयोग शून्य. स्पीडपेक्षा कार्ड मध्येच अडखळत नाही ना हे महत्त्वाचं, कारण मशीनचा बफर (डेटा क्षणभर थांबवून ठेवायची जागा) छोटा असतो आणि हलकं कार्ड आतल्या साफसफाईला थांबलं की आवाजात खड्डा पडतो. डॅशकॅमसाठीची एन्ड्युरन्स कार्डं मिळतात, ती सतत लिहिण्यासाठीच बनवलेली असतात, रोज रोज रेकॉर्ड करणाऱ्याने घ्यावीत, महिन्यातून चारदा वापरणाऱ्याला साधं चांगल्या कंपनीचं ३२ जीबी पुष्कळ झालं. मी मुद्दाम ३२ च घेतो, एसडीएचसी प्रकारचं कार्ड ३२ पर्यंतच असतं, जुन्या मशीनला चालतं, आणि एका कार्डात अख्खं वर्ष ठेवायचा मोह होत नाही. एक गेलं तर एकच कार्यक्रम जाईल.

नकली कार्डांचा विषय मोठाय. एका दुकानातून घेतलेलं एक ‘६४ जीबी’ माझ्याकडे आहे, वेष्टन एकदम झकास, होलोग्राम वगैरे, आणि आत ८ जीबी. अशा कार्डाला खोटी साईज सांगायला शिकवलेलं असतं, ८ पर्यंत सगळं छान, त्याच्यापुढे लिहिलेलं एकतर हवेत जातं नाहीतर आधीच्यावरच चढतं, आणि मशीन कुठलीही एरर देत नाही. दुकानदार म्हणाला, “भाऊ, तुमच्या मशीनचाच प्रॉब्लेम असेल.” त्यामुळे आता कार्ड कुठूनही आणलेलं असो, अधिकृत दुकानातलं असलं तरी, आधी पूर्ण भरून तपासतो. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री, दोन्ही फुकट. कार्ड काठोकाठ भरतात, मग सगळं परत वाचून जुळवतात. ३२ जीबीला सेकंदाला १० एमबीने धरलं तरी लिहायला तासाच्या आत, वर वाचायचा वेळ. रात्री लावून झोपायचं. आणि हो, ३२ चं कार्ड कॉम्प्युटरवर २९ च्या आसपास दिसतं म्हणून दुकानदाराशी भांडू नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, ते नकली नाही.

फॉरमॅट कायम रेकॉर्डरमध्येच मारायचा, कॉम्प्युटरवर नाही. मशीनला जशी मांडणी पाहिजे तशी तेच करतं, आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी कोरं कार्ड असलं की फाईल सलग जागेत लिहिली जाते. उद्या काही बिघडलंच तर सलग फाईल परत मिळवणं खूप सोपं जातं, तुकडे झालेली मिळता मिळत नाही. कॉम्प्युटरवरून एकेक फाईल डिलीट करत बसायची सवय सोडा, मॅकवाल्यांनी तर नक्कीच, तिकडे डिलीट केलेलं कार्डावरच लपलेल्या ट्रॅशमध्ये बसून राहतं, जागा मोकळी होत नाही, वर टिंब-अंडरस्कोअरवाल्या बारीक फाईलींचा कचरा वेगळाच.

कॉपी करताना: कार्ड रीडर बरा घ्या. रस्त्यावरच्या हलक्या रीडरमध्ये कार्ड हललं की कनेक्शन जातं-येतं, आणि मायक्रोएसडीचा जो मोठा ॲडाप्टर असतो तोही सैल झाला की फेकून द्या, दहा-वीस रुपयांचा तो. माझी पद्धत अशी की आधी लॅपटॉपवर, मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दोन्हीकडे फाईल उघडून सुरुवात, मधलं आणि शेवट ऐकायचा, आजीच्या ओव्यांसारखं परत न मिळणारं असेल तर टेराकॉपीत (विंडोजवरचा कॉपीचा प्रोग्रॅम) व्हेरिफाय लावून कॉपी करायचं, आणि या दोन जागा झाल्याशिवाय ते कार्ड फॉरमॅट करायचं नाही. लिनक्सवाल्यांनी कॉपीची पट्टी संपली म्हणून लगेच कार्ड ओढू नये, डेटा अजून रॅममध्ये असू शकतो, इजेक्ट म्हणा आणि थांबा. विंडोज १० च्या २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून झटपट काढता येईल अशीच सेटिंग आपोआप असते, तरी मी इजेक्ट करतोच.

पावसाळा, रंग, ऊन. रहाडीजवळ जाताना रेकॉर्डर झिप पिशवीत आणि माईकवर फोमची टोपी, तिथे कार्ड बदलायचं नाही म्हणजे नाही, स्लॉटमध्ये रंगाचं पाणी गेलं की संपर्काच्या पट्ट्या खराब. इगतपुरीकडे पावसात जाऊन आल्यावर लगेच स्लॉट उघडत नाही, मशीन खोलीच्या तापमानाला येऊ देतो, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या काचेमागे कार्ड सोडून जाऊ नका, बरेच कार्डवाले ८५ डिग्रीपर्यंत चालतं म्हणतात पण फ्लॅशमधला चार्ज उष्णतेत लवकर गळतो. आणि कार्डं कपाटात टाकून पाच-दहा वर्षं आठवण म्हणून ठेवायची वस्तू नाहीच.

एवढं करूनही फाईल गेली तर? कॉम्प्युटर विचारेल, फॉरमॅट करायचं का. नाही म्हणा. दुरुस्त करू का विचारेल, त्यालाही आधी नाही. त्या कार्डावर पुढे काहीही लिहायचं नाही, आधी अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढायची, त्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू मस्त आहे, आणि जे काय प्रयोग करायचे ते इमेजवर, फोटोरेक, टेस्टडिस्क अशा गेलेला डेटा शोधणाऱ्या प्रोग्रॅमपैकी जे पाहिजे ते. मित्राची ती शून्य केबीची फाईल अशीच मिळाली. इमेजच्या कॉपीवर विंडोजचं चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं) चालवल्यावर फाऊंड नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके शेपटीची एक भलीमोठी फाईल आली, ती ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून इंपोर्ट केली: साइन्ड २४ बिट, लिटल एंडियन, दोन चॅनल, ४८०००. पहिल्यांदा नुसता खरखराट आला. घाबरायचं नाही, २४ बिट स्टिरिओत एक नमुना ६ बाइटचा असतो, सुरुवातीचा ऑफसेट ० पासून ५ पर्यंत एकेक करून बघायचा, कुठेतरी ढोल सुरू होतो. झाला.

एक जुगाडपण सांगतो, करंटची खात्रीच नसेल, म्हणजे मशीन स्टेजवर लावून तुम्ही लांब बसणार असाल, तर एमपी३ मध्ये रेकॉर्ड करा. क्वालिटी कमी, मान्य, पण त्यात प्रत्येक छोट्या तुकड्याला स्वतःचा हेडर असतो, त्यामुळे फाईल मध्येच तुटली तरी जिथपर्यंत लिहिली गेली तिथपर्यंत बहुतेक वाजते. कीर्तनाला चालून जातं. ढोलाला नाही, ढोलाचा थाप एमपी३ मध्ये पुठ्ठ्यावर मारल्यासारखा येतो, निदान माझ्या कानाला तरी.

मशीनबद्दल तक्रार म्हणाल तर दोन. स्लॉटचं रबरी झाकण ढिलं झालंय, आता त्यावर चिकटपट्टी लावतो. आणि स्लॉट एकच आहे. दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारे रेकॉर्डर येतात, पण ते आकाराने मोठे आणि किमतीत बरेच वर, भजनी मंडळाच्या वर्गणीत ते बसत नाही. २०२७ च्या सिंहस्थाला रामकुंडावर त्या गर्दीत रेकॉर्ड करायचा विचार आहे, तेव्हा तसला एखादा भाड्याने घेईन, खिशात हा तर राहीलच.