ओलीची जागा एकच आहे, कर्दळ लावू की सोनटक्का?

आमच्या सोलापुरात अंगणातली काळी माती मार्चपासूनच भेगाळायला लागते, त्यात नळाला पाणी काही दिवसाआड, त्यामुळं धुण्याच्या दगडामागं जी बारमाही ओल असते ती जागा लई मोलाची. तिथं आमच्याकडं आधी सहा वर्षं कर्दळ होती, आता चार वर्षं झाली सोनटक्का आहे.

कर्दळीच्या चिवटपणाबद्दल वादच नाही. मे महिन्यात पारा 42 च्या पुढं गेला तरी भर उन्हात फुलते, साबणाचं पाणीसुद्धा निमूट सोसते आणि जवळजवळ वर्षभर रंग देते. पण मला त्रास झाला तो सुकलेल्या फुलांचा. फूल गळून पडत नाही, दांड्यावरच लोंबतं, पावसात भिजून त्याचा चिकट लगदा होतो आणि वर नवीन फूल उमललेलं असलं तरी नजर त्या लगद्यावरच जाते. रोज सकाळी खुडायचं, दोन दिवस गावाला गेलं की संपलं. आमची धुण्याची दोरी तिथूनच जाते, एकदा आईचं पांढरं लुगडं वाऱ्यानं त्या लाल फुलांना घासलं आणि तो डाग शेवटपर्यंत निघाला नाही, त्या आठवड्यातच कंद उपटले.

सोनटक्क्याचं फूलही एखाद दिवसाचंच, पण ते झाडावर सुकायला उरतंच कुठं? संध्याकाळी उमललं की घमघमाट थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो, मग गौरी-गणपतीत शेजारच्या काकू, आमची मुलगी, सगळ्यांचे हात तिकडंच. हा, वर्षभर फुलत नाही, आमच्याकडं श्रावण ते दिवाळी एवढाच बहर. आणि मूळचं हिमालयाच्या पायथ्याकडचं झाड, त्यामुळं आपल्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात. आमच्याकडं दुपारनंतर भिंतीची सावली पडते म्हणून निभावतं, साबणाचं पाणी मात्र मी दुसरीकडं वळवलंय.

तुमचा कोपरा पश्चिमेला उघडा असेल तर कर्दळच बरी, असं मला तरी वाटतं. पण दुपारची सावली मिळत असेल तर एकदा सोनटक्का लावून बघाच. जूनमध्ये चांगला पाऊस झाला की दोन-तीन डोळ्यांचा कंद दोन इंच खोल, शेणखत घालून. पहिल्या वर्षी फुलं कमी आली तर उपटू नका, आमच्याकडं दुसऱ्या श्रावणातच खरा बहर आला. फुलून गेलेला दांडा परत फुलत नाही, तो बुडातून कापायचा, शेजारून नवीन कोंब येतात.